घरी आवाज रेकॉर्ड करताय? माइकबद्दलचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : घर रहदारीच्या रस्त्याला लागून आहे. कथा-अभिवाचनासाठी कंडेन्सर माइक घ्यावा की डायनॅमिक?

उत्तर : डायनॅमिक. पण तो बाहेरचा गोंगाट गाळून टाकतो, हा गैरसमज आहे. तो कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील असल्यामुळे तोंडाजवळ ठेवून बोलावं लागतं आणि खरा फायदा होतो तो या जवळ येण्याचा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, रस्त्याचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. सॅमसन क्यू२यूसारखा माइक सुरुवातीला उत्तम, कारण तो यूएसबीवर चालतो आणि पुढे एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने इंटरफेसलाही, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या डब्यालाही, जोडता येतो.

माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) असेल तर त्याला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं. म्हणून खिडकी माइकच्या पाठीशी येईल असं बसा. मग माइकचं तोंड तुमच्या मागच्या भिंतीकडे होतं. ती भिंत उघडी असेल तर आवाज घुमतो, तेव्हा तिथे जाड गोधडी किंवा रजई टांगा. महागड्या माइकआधी हे करा. घुमलेला आवाज नंतर सॉफ्टवेअरने नीट सुधारत नाही.

प्रश्न : नवीन कंडेन्सर इंटरफेसला जोडला आहे, आवाज येतो, पण लांबून बोलल्यासारखा. माइक खराब आहे का?

उत्तर : बहुधा तुम्ही त्याच्या टोकाकडून बोलताय. मोठ्या डायफ्रामचे (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचे) बरेचसे कंडेन्सर बाजूने ऐकतात. माइक उभा ठेवा आणि ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह किंवा कार्डिऑइडची (हृदयाच्या आकाराची) खूण असते, ती तोंडाकडे करा.

प्रश्न : मोबाइलला कॉलर माइक लावला तरी खोलीभरचा आवाज येतो.

उत्तर : रेकॉर्डिंग चालू ठेवून कॉलर माइकवर नखाने हलकेच खरवडा. खरखर मोठी ऐकू आली नाही, तर फोन स्वतःचाच माइक वापरतोय. पिन पाहा. कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, फोनला तीन रेघांची लागते. त्यासाठी छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो.

प्रश्न : ‘प’, ‘फ’, ‘भ’ आले की धप्प असा आवाज येतो.

उत्तर : तळहात तोंडासमोर धरून ‘भाऊ’, ‘फणस’ म्हणा. हाताला लागणारा वाऱ्याचा झोत थेट डायफ्रामवर आदळतो. माइक तोंडासमोरून काढून ओठांच्या कोपऱ्याशी, साधारण ४५ अंशांत, १०-१५ सेंमीवर ठेवा. झोत बाजूने निघून जातो, आवाज तेवढाच मिळतो. मध्ये पॉप फिल्टर (झोत अडवणारी जाळी) लावा, पण माइकला चिकटवू नका, ५-७ सेंमी जागा सोडा. ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खोल आवाज कापणारा फिल्टर) उरलेली घरघर कमी करतो. धक्क्याने आवाज फाटलाच असेल तर ते वाक्य पुन्हा वाचावं.

प्रश्न : ऑडिओबुकसाठी लेव्हल किती ठेवू?

उत्तर : रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या (शून्य ही वरची मर्यादा), सॉफ्टवेअरची सेटिंग २४ बिट ठेवून. ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक प्रकाशनाच्या सेवेला तयार फाइलमध्ये सरासरी (आरएमएस) उणे २३ ते उणे १८, शिखर उणे ३ पेक्षा कमी आणि शांततेतला गोंगाट उणे ६० किंवा त्याहून खाली लागतो. घरात अडतं ते या शेवटच्या आकड्यावर. पंखा बंद करून काही सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजा. उणे ५० दिसलं तर आधी फ्रिज आणि लॅपटॉपचा पंखा तपासा.