निनावी लिहिणारा माणूस नुसत्या भाषेवरून ओळखता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका शिक्षणसंस्थेत शिकवता. तिथे प्रवेशाच्या वेळी पालकांकडून जे पैसे उकळले जातात त्याबद्दल टोपणनावाने लिहिता आणि स्वतःचं नाव-गाव कुठेही येऊ देत नाही. तरी नुसत्या लिहिण्याच्या धाटणीवरून कोणी तुम्हाला हुडकून काढू शकेल का?

हो, काढू शकेल. मात्र ते किती सोपं जाईल हे तुमच्या शैलीपेक्षा संशयितांची यादी किती छोटी आहे यावर जास्त ठरतं. तुमच्या बाबतीत ती फारच छोटी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मराठी मजकुराच्या संपादनाचं काम करते, त्यामुळे रोज निरनिराळ्या लोकांचं लिखाण नजरेखालून जातं. लिहिणाऱ्यांना वाटतं की आपली ओळख आपल्या ठेवणीतल्या शब्दांत, आवडत्या म्हणींत आणि लांबलचक वाक्यांत असते. तेवढं टाळलं की सुटलो. पण ज्या शब्दांकडे लिहिताना आपलं लक्षच नसतं, तेच जास्त बोलतात.

हे सिद्ध झालं ते अमेरिकेतल्या एका जुन्या वादात. १७८७-८८ मध्ये तिथल्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख निघाले. लिहिणारे तिघे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यांपैकी १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीडशे वर्षांहून जास्त चालला. फ्रेडरिक मोस्टेलर या संख्याशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये एका सहकाऱ्यासोबत आधी दोघांच्या वाक्यांची लांबी मोजून पाहिली. हॅमिल्टनची सरासरी निघाली ३४.५५ शब्द आणि मॅडिसनची ३४.५९. म्हणजे हातात काहीच लागलं नाही. पुढे डेव्हिड वॉलेस यांच्यासोबत त्यांनी अगदी किरकोळ शब्द मोजायला घेतले, आणि तिथे फरक उघडा पडला. ‘ऑन’च्या जागी ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरायचा, मॅडिसनच्या लेखनात तो क्वचितच सापडतो. ‘व्हाइल’ लिहायचं की त्याच अर्थाचं ‘व्हाइल्स्ट’, यातही दोघांच्या सवयी वेगळ्या होत्या. असे कितीतरी शब्द एकत्र तोलून १९६४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की बाराही लेखांचं पारडं मॅडिसनकडे झुकतं. विषय कोणताही असो, असे शब्द येतातच आणि कोणी ते ठरवून वापरत नाही. म्हणून ते लपवणं इतकं अवघड जातं.

आता मराठीत या. ‘त्यांना माहीत होते, परंतु त्यांनी सांगितले नाही’ आणि ‘त्यांना माहिती होतं पण सांगितलं नाही त्यांनी’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच, पण लिहिणारी माणसं बहुधा दोन. ‘आणि’, ‘अन्’, ‘नि’ यांपैकी काय येतं, ‘देखील’ की ‘सुद्धा’, ‘नाहीये’ की ‘नाही आहे’, ‘पैसे मिळाले’ की ‘पैसे भेटले’, ‘मीही’ जोडून की ‘मी ही’ तोडून, स्वल्पविरामाआधी जागा सुटते की नाही, आकडे देवनागरी की रोमन, हे सगळं मोजता येतं. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एकच शब्द दिसत असला तरी त्यात तीन-चार सवयी दडलेल्या असतात. त्यामुळे मराठीसाठी अख्खे शब्द मोजण्यापेक्षा तीन-तीन, चार-चार अक्षरांचे तुकडे मोजणं जास्त कामाचं ठरतं. संगणकाला ते मुळीच जड नाही.

आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही कळफलक त्यासाठी टिंबवाला ‘ऱ’ वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही तसंच आहे. पडद्यावर दोन्ही रूपं बहुतेक वेळा हुबेहूब सारखी दिसतात, आतले संकेत मात्र वेगळे असतात. तुम्ही ज्या कळफलकावर शाळेचा अहवाल टाइप करता त्यावरच निनावी लेखही टाइप करत असाल, तर ही खूण दोन्हीकडे जाते. यावरून माणूस सिद्ध होत नाही, कारण तोच कळफलक हजारोजण वापरतात. पण शिक्षकखोलीतल्या पंचवीसजणांतून पाचजण वेगळे काढायला एवढं पुरतं.

यादीचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा का काढते, ते दोन प्रसिद्ध प्रकरणांवरून कळेल. २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नवख्या नावाने निघालेली एक गुप्तहेर कादंबरी जे. के. रोलिंग यांची असल्याचं उघड झालं. संगणकाने रोलिंगना पकडलं, अशीच ती गोष्ट सांगितली जाते. पण सुरुवात झाली ती बाहेर फुटलेल्या कुजबुजीने. एका ब्रिटिश वृत्तपत्राकडे रोलिंगचं नाव आधीच पोचलं होतं. त्यानंतर पॅट्रिक जुओला या संशोधकाने शब्दांची लांबी, सर्वाधिक वापरातले शंभर शब्द, शब्दांच्या जोड्या आणि चार-चार अक्षरांचे तुकडे अशा चार कसोट्या लावल्या. तुलनेला रोलिंग धरून अवघ्या चार लेखिका होत्या. जगातल्या सगळ्या लेखकांतून एक नाव शोधायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं प्रकरण अमेरिकेतल्या ‘युनाबॉम्बर’ या गुन्हेगाराचं. १९७८ ते १९९५ या काळात बॉम्ब पाठवून त्याने तिघांचा जीव घेतला. त्याचा सुमारे ३५,००० शब्दांचा जाहीरनामा सप्टेंबर १९९५ मध्ये छापून आला. त्याला ओळखलं ते त्याच्या घरच्यांनी. आधी वहिनीला शंका आली, मग भाऊ डेव्हिड कॅझिन्स्कीने मजकूर वाचला आणि ‘कूल-हेडेड लॉजिशियन्स’ (थंड डोक्याचे तर्कशास्त्री) या शब्दांपाशी तो थबकला, कारण भावाच्या तोंडची ती भाषा त्याच्या ओळखीची होती. मग तपास यंत्रणेने घरची जुनी पत्रं आणि जाहीरनामा शेजारी ठेवून तुलना केली आणि तिच्या आधारे झडतीचं वॉरंट मिळवलं. एप्रिल १९९६ मध्ये मोंटानातल्या त्याच्या खोपटात बॉम्बचं सामान सापडलं. शैलीने तपास त्या दारापर्यंत नेला, पण पुरावा दाराच्या आत होता.

यादी प्रचंड मोठी असेल तर काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. अरविंद नारायणन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या शोधनिबंधात एक लाख लेखकांचे ब्लॉग घेतले होते. निनावी मजकुराचा लेखक पहिल्याच अंदाजात बरोबर निघाला तो २० टक्क्यांहून जास्त वेळा, आणि पहिल्या वीस नावांत तो होता सुमारे ३५ टक्के वेळा. खात्री नसेल तिथे उत्तर न देण्याची मुभा दिली, तेव्हा दिलेलं उत्तर बरोबर असण्याचं प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं. हे लाखातलं झालं. तुमच्या संस्थेत लिहिणारे हात किती असतील?

म्हणून माझा सल्ला सांगते. पहिली भीती शैलीची धरू नका, माहितीची धरा. ज्या बैठकीला चौघेच होते तिथलं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, तर कोणालाही अक्षरांचे तुकडे मोजत बसावं लागणार नाही. त्यानंतर तुमच्या नावाने काय काय उपलब्ध आहे ते बघा: वार्षिक अंकातले लेख, फेसबुकवरच्या नोंदी, ग्रुपवरचे लांब मेसेज. तुलनेला दुसरी बाजू नसेल तर शैली कितीही ठसठशीत असली तरी तिचा उपयोग होत नाही.

मजकूर यंत्राने इंग्रजीत नेऊन परत मराठीत आणायचा, हा उपाय बरेचजण सुचवतात. त्यावर विसंबू नका. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्रजी मजकुरावर असे अनेक प्रकार करून पाहिले. यंत्राच्या भाषांतराने लेखक फारसा लपला नाही. उलट साध्या माणसांनी जाणीवपूर्वक आपली धाटणी बदलून किंवा दुसऱ्या लेखकाची नक्कल करून लिहिलं, तेव्हा त्या वेळच्या पद्धती पार गोंधळल्या. पण पाचशे शब्द बदलून लिहिणं वेगळं आणि वर्षभर ते सोंग टिकवणं वेगळं. रागाच्या भरात लिहिलेल्या तिसऱ्या-चौथ्या लेखात माणूस मूळ वळणावर येतोच, संपादनाच्या टेबलावर मी हे सारखं पाहते. त्यापेक्षा मुद्दे तोंडी सांगून विश्वासातल्या माणसाकडून लिहवून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आजकाल एआयकडून पुन्हा लिहून घेता येतं आणि त्याने धाटणी बरीच पुसली जाते, हे खरं. पण मग तुमचा मूळ कच्चा मजकूर एका कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तेही विचारात घ्या.

आणि उद्या संस्थेने ‘भाषा तुमचीच आहे’ म्हणून तुम्हाला समोर बसवलं, तर घाबरून काहीही कबूल करू नका. तुलनेला आणखी किती जणांचं लिखाण घेतलं होतं, असा थेट प्रश्न विचारा. यादीतलं जवळात जवळचं नाव सांग म्हटलं की सॉफ्टवेअर एक नाव सांगतंच, खरा लेखक यादीत नसला तरीही. शिवाय मजकूर किती हातांतून गेला हेही बघावं लागतं. आपल्याकडे १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रातून शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने मांडलं होतं की ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव वेगवेगळे. अभंगांची भाषा नंतरची वाटते, हा त्यांचा एक मोठा आधार. त्याला उत्तर असं की अभंग शतकानुशतकं लोकांच्या ओठांवर राहिले, तिथे भाषा बदलणारच. मोबाइलचा आपोआप शब्द सुधारणारा कळफलक आणि मजकूर पुढे पाठवताना त्यात फेरफार करणारी माणसं आज तेच करतात.

शेवटचं म्हणजे, जमेल तिथे तारखा आणि रकमा नुसत्या तक्त्यात द्या. तक्त्यात धाटणी जवळजवळ उरत नाही. मात्र पावतीचा फोटो टाकण्याआधी ती पावती संस्थेत किती जणांच्या हाती आली होती, ते आधी मोजा.