वारली दालनाबद्दल, उद्घाटनाच्या आधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

संग्रहालयातल्या वारली दालनाचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार आनंद झाला. आराखडा पाहिला. मांडणी, प्रकाशयोजना, मजकूर, सगळं नेटकं आहे. एकच गोष्ट खटकली. ज्यांची ही कला आहे, ती माणसं या आराखड्यात थेट उद्घाटनाच्या दिवशी येतात, तीही तारपा नाचापुरती. पत्रिका छापून झाल्यावर बोलावलेल्या माणसाला मान डोलावण्यापलीकडे काय उरतं? काय मांडायचं आणि काय मांडायचंच नाही, हे ठरण्याआधी डहाणू-जव्हारच्या पाड्यांवर जाऊन ये.

लग्नचौकाचंच घे. दालनाच्या मधल्या भिंतीवर तू तो कायमचा रंगवून घेणार आहेस. लग्नघरी शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात काडी बुडवून सवासिणी तो लिहितात. मधोमध पालघट देवी असते, लग्न लावणाऱ्या बायका, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही, एवढं त्याचं मोल. मग लग्न नसलेल्या घरात, एसी लावून, वर्षानुवर्षं तो तसाच ठेवायचा का? हे सांगायचा अधिकार त्या बायकांचा. सगळीकडून एकच उत्तर येईल असं समजू नकोस. एका पाड्यावर चालेल ते दुसऱ्यावर चालेलच असं नाही. कुणी ‘नको’ म्हणालं, तर भिंत मोकळी सोड. नकार ऐकायची तयारी नसेल तर विचारायला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिव्या सोमा मशे यांच्यासाठी तू वेगळा कोपरा ठेवला आहेस, तो हवाच. गंजाडच्या या माणसाने वारली चित्र जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या कितीतरी आधीपासून भिंती लिहीत आलेल्या बायकांची नावं संग्रहात कुठे आहेत? जुन्या नोंदवह्या काढ. ‘वारली चित्र, ठाणे जिल्हा’ एवढीच नोंद असलेल्या चित्रांचे फोटो घेऊन गावोगाव दाखव. हात ओळखणारं कुणीतरी भेटतं. नाव कळलं, तर घरच्यांना विचारून चित्राखाली लाव.

हे अव्यवहार्य आहे, असं समितीत कुणीतरी म्हणेल. त्यांना न्यूझीलंडच्या माओरी आदिवासींच्या ‘ते माओरी’ या कलाप्रदर्शनाची गोष्ट सांग. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते प्रदर्शन उघडलं ते भल्या पहाटे, माओरी वडीलधाऱ्यांच्या विधीने. वस्तू पाठवायच्या की नाहीत, यात त्या त्या जमातींचा शब्द घेतला होता. पुढे न्यूझीलंडमधल्या संग्रहालयांचा कारभारच त्यातून बदलत गेला.

पैशांचं आधी ठरव. येणाऱ्याला मानधन, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, तिन्ही वेगवेगळं आणि त्याच दिवशी हातात. सल्लागार समितीवर एकटा प्रतिनिधी नको, तिघं-चौघं हवीत, त्यांत बायका हव्यातच आणि त्यांना मत हवं. संग्रहालयाच्या दुकानात वारली नक्षीच्या पिशव्या विकणार असाल, तर त्यातला वाटा कुणाला, हेही लेखी असू दे.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बैठक ठेवू नकोस, कुणालाच फुरसत नसते. ती आटोपली की जा. मात्र त्याआधी उद्घाटनाची तारीख पुढे ढकलायला संचालकांची मंजुरी घे. अर्जाचा मसुदा पाठव, लगेच वाचून परत करतो.

तुझे सर