हृदयविकार : इंजेक्शन आधी की थेट अँजिओप्लास्टी?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यात राहतो. एप्रिलमध्ये आमच्या अण्णांना (वय ६८) पहाटे छातीत दुखू लागलं, दरदरून घाम फुटला. जवळच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी ईसीजी काढून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेनं कोल्हापूरला पाठवलं. तिथे दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. आता मुंबईचे आतेभाऊ म्हणतात, इंजेक्शनमध्ये वेळ घालवलात, थेट कोल्हापूर गाठायला हवं होतं. आईच्या मनाला ते फार लागलंय. आमचं चुकलं का? आणि दुखणं थांबलं होतं, तर अँजिओप्लास्टी कशासाठी?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : आईंना आधी सांगा, तुमचं काहीही चुकलेलं नाही. अण्णांना योग्य तेच उपचार मिळाले, तेही वेळेत.

रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेला हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या आतच मरू लागतो आणि पुढचे काही तास मरत राहतो. मेलेला स्नायू परत येत नाही. म्हणून वाहिनी किती लवकर उघडली, यावर सगळं अवलंबून. थेट अँजिओप्लास्टी हा सर्वांत खात्रीचा मार्ग, यात वाद नाही. मनगटातल्या धमनीतून बारीक तार गुठळीपलीकडे नेतात, फुगा फुगवतात, स्टेंट म्हणजे बारीक जाळीची नळी बसवतात. पण ईसीजीवर निदान झाल्यापासून तार गुठळीपार जाईपर्यंत १२० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल, तर आधी इंजेक्शन द्यावं, असा जगभरातला संकेत आहे. देवगडहून घाट चढून कोल्हापूरला यायला तीन तास कुठे गेले कळत नाही. पावसाळ्यात दरड कोसळली तर विचारूच नका. त्यावर कॅथलॅबची, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीची तयारी. आतेभाऊंचं म्हणणं मुंबईत, मोठं रुग्णालय अर्ध्या तासावर असताना बरोबर आहे. देवगडला ते लागू होत नाही.

हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ या अभ्यासात दुखणं सुरू होऊन तीन तासही न झालेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ न शकणारे १८९२ रुग्ण होते. निम्म्यांना आधी इंजेक्शन दिलं, निम्म्यांची थेट अँजिओप्लास्टी केली. महिन्याभरात मृत्यू, शॉक (रक्तदाब धोकादायकपणे कोसळणं), हार्ट फेल्युअर किंवा पुन्हा झटका असं काही होण्याचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात १२.४ टक्के, तर दुसऱ्या गटात १४.३ टक्के होतं. म्हणजे जवळपास सारखंच. इंजेक्शनमुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचा थोडा धोका असतो, हे खरं. म्हणून आधी कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, नुकतं मोठं ऑपरेशन झालंय का, हे विचारूनच ते देतात.

घाटाखालून आलेला रुग्ण टेबलावर घेण्याआधी मी त्याचा केसपेपर मागतो. घडी घातलेला, घामानं ओलसर झालेला कागद असतो. त्यावर गुलाबी ईसीजी पिनेनं टाचलेला आणि कडेला निळ्या शाईत इंजेक्शनची वेळ. ती वेळ पाहिली की समजतं, तालुक्यात रात्रपाळीला बसलेल्या त्या तरुण डॉक्टरनं किती स्नायू वाचवलाय. त्या डॉक्टरांना तुम्ही भेटून आलात तर मला फार बरं वाटेल.

आता दुसरा प्रश्न. इंजेक्शन गुठळी विरघळवतं, पण जिथे ती धरली तो चरबीचा फुटका थर वाहिनीत तसाच असतो. तिथे पुन्हा गुठळी धरू शकते. म्हणून इंजेक्शननंतर वाहिनी उघडल्याची लक्षणं दिसली, तरी ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करून गरज असेल तिथे स्टेंट बसवतात. अण्णांचं नेमकं तेच केलं. सगळ्यांची वाहिनी इंजेक्शननं उघडतेच असं नाही. तास-दीड तासानं पुन्हा ईसीजी काढतात. तो सुधारला नाही किंवा दुखणं चालूच राहिलं, तर तातडीनं अँजिओप्लास्टी करावी लागते. त्याच अभ्यासात इंजेक्शन दिलेल्या ३६ टक्के रुग्णांवर ती वेळ आली. म्हणून इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला तिथेच ठेवून वाट पाहायची नसते, लगेच पुढे पाठवायचं असतं. तेही रुग्णवाहिकेनंच. शेजाऱ्याची गाडी दारात उभी असली तरी तिच्यात हृदयाला विजेचा झटका देऊन लय परत आणणारं यंत्र नसतं, आणि पहिल्या काही तासांत हृदयाची लय बिघडून माणूस वाटेतच जाऊ शकतो.

तुमच्या शेजारी गोव्यात हीच पद्धत सरकारनं बसवली आहे. लहान रुग्णालयात ईसीजी काढतात, तज्ज्ञ तो दुरून वाचतात, इंजेक्शन तिथेच मोफत देतात आणि रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. कोकणातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे इंजेक्शन अहोरात्र असायलाच हवं. गावातल्या लोकांनी रुग्णालयात जाऊन तशी चौकशी करावी, लाजू नये.

प्रश्न : आईला (वय ६१, मधुमेह) रात्री जबडा आणि पाठ दुखून उलटी झाली. ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवलं. निश्चिंत राहावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत छातीत न दुखताही झटका येतो, आणि पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो. तो थोड्या-थोड्या वेळानं पुन्हा काढावा लागतो, शिवाय ट्रोपोनिन ही रक्ततपासणी. हे वाचाल तेव्हा त्रास थांबलेला असला तरी आईंना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. पुन्हा तसं दुखलं तर ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसला. दाढ काढायची आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्वतःहून एक दिवसही नको. झटक्यानंतर सहसा वर्षभर दोन्ही गोळ्या चालू ठेवतात. पहिल्या महिन्यांत त्या सुटल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरून पुन्हा झटका येऊ शकतो. गोळ्या चालू ठेवूनही दाढ काढता येते. हिरडीतून रक्त थोडं जास्त वेळ येईल, पण ते दाबून थांबवता येतं. दंतवैद्यांना स्टेंटचं कार्ड दाखवा आणि तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलायला सांगा.