फरशी न फोडता जुनी ड्रेनेज लाइन बदलता येते का?

तुमचं घर संभाजीनगरच्या सिडकोत, लाइन चिनी मातीची, महिन्याला तुंबते आणि पोर्चची फरशी नुकतीच बसवलेली. न खोदता पाइप बदलतात, पण आधी आत कॅमेरा सोडा. पैशाचं नंतर बोला.

मी इथं ड्रेनेजचीच कामं घेतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. चिनी मातीचे पाइप आखूड, म्हणून सांधेच सांधे. जमीन हलली की सांधा उघडतो, आणि कडुनिंबाची मुळी नेमकी तिथंच शिरते.

पहिली पद्धत पाइप बर्स्टिंग. लाइनीच्या दोन टोकांना खड्डे घ्यायचे, जुन्या पाइपातून वायररोप ओवायचा आणि लोखंडी शंकू ओढायचा. तो जुना पाइप फोडून तुकडे मातीत दाबत जातो. त्याच्या मागं एचडीपीईचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा, अखंड पाइप येतो. चार इंचीच्या जागी सहा इंचीही बसते. अट एवढीच की रोप आरपार जायला हवा. पाइप पार ढासळला असेल किंवा भोवती काँक्रीट असेल तर नाद सोडा.

दुसरी लायनिंग. रेझिनमध्ये (नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेला फेल्टचा, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाचा, लांब मोजा पाइपात उलटवून सोडतात आणि गरम पाण्यानं किंवा वाफेनं कडक करतात. लंडनला 1971 साली हे पहिल्यांदा झालं. आतला व्यास किंचित घटतो, मुळ्यांची वाट मात्र बंद होते.

आता खरी मेख. दोन्ही पद्धतींत नवा पाइप जुन्याच्याच वाटेनं जातो. जुन्याला झोळ असेल, म्हणजे पाइप मधेच खाली बसला असेल, तर नव्यालाही झोळ. एका गिऱ्हाइकाकडं मी कॅमेऱ्याचा खर्च वाचवला, लायनिंग करवून घेतलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात लाइन पुन्हा तुंबली. मधे पाइप बसलेला होता, तिथं घाण साचत होती. शेवटी खोदावंच लागलं, तेही माझ्या खिशातून.

दुसरं, लाइन दीड-दोन फुटांवरच असेल तर बर्स्टिंगनं वरची माती उचलली जाते. म्हणजे जी फरशी वाचवायची, तीच उखडणार. अशा ठिकाणी कॅमेऱ्यात झोळ दिसला नाही तर लायनिंग, दिसला तर फरशीची आशा सोडा, खोदावंच लागेल. बर्स्टिंग शोभतं ते खोल लाइनीला किंवा रस्त्याखालून जाणाऱ्या तुकड्याला.

चेंबरचं झाकण काढून वरूनच टेप सोडा, आत कुणाला उतरवू नका. पाइपाची खोली आणि दोन चेंबरमधलं अंतर इथं लिहा, मग कुठली पद्धत ते सांगतो.