मेडिकल डिव्हाइस कंपनीत उन्हाळी इंटर्नशिप कशी असते? डिझाइनचं काम मिळतं का?

तुम्ही मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि पुण्याजवळच्या एका कंपनीत मे-जूनसाठी निवड झालीय, असं प्रश्नात लिहिलंय. मीही मेकॅनिकलचीच. सलाइनचे सेट, आयव्ही कॅन्युला (सलाइन देण्यासाठी शिरेत घालतात ती बारीक नळी) असा एकदा वापरून फेकायचा माल बनवणाऱ्या कारखान्यात मी एक उन्हाळा काढला. नाव सांगत नाही, पण काम कसं असतं ते सांगते.

डिझाइनचं आधी: बहुतेक नाही मिळणार. चालू प्रॉडक्टच्या ड्रॉइंगमध्ये एक माप बदलायचं तरी चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, धोक्यांच्या विश्लेषणाची फाइल पुन्हा उघडावी लागते, कधीकधी लायसन्स देणाऱ्या खात्यालाही कळवावं लागतं. दोन महिन्यांसाठी आलेल्या पोरांच्या हातात ते कोण देणार? त्यामुळे ट्रेनी जातात क्वालिटीत किंवा व्हॅलिडेशनला. व्हॅलिडेशन म्हणजे मशीन दरवेळी बरोबरच काम करतं हे आकड्यांनिशी, लेखी सिद्ध करायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

माझ्याकडे पाऊच सील करणारं मशीन होतं. मेडिकलच्या दुकानातून कॅन्युलाचं पाकीट आणून बघा. एका बाजूला पारदर्शक फिल्म, दुसऱ्या बाजूला जाडसर कागद. तो कागद मुद्दाम ठेवलेला असतो. माल पाकिटात बंद झाल्यावर इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. हा वायू त्या कागदातूनच आत जातो आणि नंतर त्यातूनच बाहेर काढला जातो, जंतूंना मात्र वाट नसते. म्हणजे निर्जंतुक केल्यानंतर सगळी भिस्त कागदावर आणि सीलवर. सील तीन गोष्टींवर ठरतं: तापमान, दाब आणि वेळ. कमी पडलं तर सील सुटतं. जास्त झालं तर पाकीट सोलताना कागद फाटतो आणि त्याचे तंतू मालावर पडतात. मग दोन्ही टोकांच्या सेटिंगवर मशीन चालवायचं, पाकिटांच्या पट्ट्या कापायच्या, टेन्साइल मशीनवर ओढून बळ मोजायचं. सीलमध्ये बारीक वाट राहिलीय का ते बघायला रंगीत द्रव सोडायचा. दिवसभर हेच, आणि प्रत्येक आकडा फॉर्मवर.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते लाइनवरच्या एका ताईंनी. मशीनच्या पॅनलवर तापमान बरोबर दिसायचं, तरी डावीकडच्या पाकिटांचं सील कमजोर यायचं. त्यांना हे केव्हापासूनच माहीत होतं, त्या डावीकडची पाकिटं हाताने ओढून बघायच्या. तापमान मोजणारा सेन्सर सील करणाऱ्या गरम पट्टीच्या मध्यावर होता आणि तिचं डावं टोक थंड राहत होतं. कुठल्याही रिपोर्टमध्ये याची नोंद नव्हती, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ऑपरेटर लोकांशी ओळख करून घ्या, जेवायला त्यांच्या टेबलावर बसा.

मुदतीचा हिशोबही मजेशीर आहे. पाकिटावर ५ वर्षं छापायची तर ५ वर्षं कोण थांबणार? म्हणून नमुने ओव्हनमध्ये ठेवतात आणि तापमान १० अंशांनी वाढलं की जुनं होण्याचा वेग दुप्पट होतो असं धरतात. २५ ऐवजी ५५ अंश म्हणजे आठपट, म्हणजे १ वर्ष साधारण ४६ दिवसांत. तरीही ५ वर्षांसाठी साडेसात महिने लागतातच, आणि साध्या तापमानाला ठेवलेले नमुने वेगळे चालू असतात. तुम्ही ओव्हनमध्ये ठेवलेल्या नमुन्यांचा निकाल तुमच्यानंतर दुसराच कोणीतरी बघणार.

क्लीनरूमची सवय व्हायला वेळ लागतो. टिकली, काजळ, पावडर, अंगठी, घड्याळ सगळं बाहेर. टोपी, मास्क, गाऊन, दाढी असेल तर तिलाही कव्हर. आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी धूळ आत येत नाही. बाहेर मे महिना पेटलेला असताना आत मस्त गार, हा एक फायदा. पाणी प्यायला मात्र सगळं उतरवून बाहेर यावं लागतं.

कागदपत्रांचा जाच होईल. व्हाइटनर चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. ‘नंतर भरते’ हे वाक्य क्वालिटीच्या सरांसमोर उच्चारू नका.

याचं कारण कायद्यात आहे. पूर्वी भारतात मोजक्याच उपकरणांना लायसन्स लागायचं. २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम आले, मग १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. धोक्यानुसार उपकरणांचे चार वर्ग आहेत, ए सगळ्यात कमी धोक्याचा, डी सगळ्यात जास्त. लायसन्सची सक्ती ए (त्यातली निर्जंतुक नसलेली, मोजमाप न करणारी उपकरणं सोडून) आणि बी वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डी वर्गाला ऑक्टोबर २०२३ पासून. इंजेक्शनची सुई बी मध्ये, व्हेंटिलेटर सी मध्ये, हृदयाची झडप डी मध्ये. तुमच्या कंपनीचा माल कुठल्या वर्गात बसतो ते जाण्याआधी शोधून ठेवा. ए-बी असेल तर लायसन्स राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन), सी-डी असेल तर केंद्राकडून. शिवाय आयएसओ १३४८५ आणि १४९७१ ही आंतरराष्ट्रीय मानकं कशाबद्दल आहेत एवढं तरी वाचा. पहिलं क्वालिटी सिस्टमचं, दुसरं धोके ओळखून आटोक्यात ठेवण्याचं.

सगळीकडे असंच असतं असं नाही. स्कॅनिंगची मोठी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर आणि टेस्टिंगचं काम जास्त. स्टार्टअपमध्ये थ्रीडी प्रिंटरपासून डॉक्टरांना भेटण्यापर्यंत सगळं करायला मिळतं, पण शिकवायला कुणाला वेळ नसतो. डिझाइनचाच ध्यास असेल तर स्टार्टअप बघा.

स्टायपेंडवर फार आशा ठेवू नका. बस आणि कॅन्टीन मिळतं का ते विचारून घ्या. आणि कॉलेजच्या रिपोर्टचं पहिल्याच आठवड्यात बोला. फोटो काढू देत नाहीत, आकडे बाहेर नेऊ देत नाहीत, गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात. काय लिहिलेलं चालेल हे गाइडकडून ईमेलवर घ्या, आणि तुम्ही निघायच्या निदान दोन आठवडे आधी रिपोर्टचा मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवा, कारण तो तपासायला क्वालिटी आणि एचआर दोघांकडे फिरतो.