नोकरी सोडू नका, तुमचा विषय दालनातच आहे

तुमचं पत्र वाचलं. इतिहासात एमए, वस्तुसंग्रहालयाच्या शिक्षण विभागात १२ वर्षं नोकरी, आणि आता पीएचडीसाठी ती सोडावी का, हा प्रश्न.

सोडू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी अर्धवेळ करता येते. मात्र कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, कामातून मोकळीक देऊ, असं त्यात लिहून घ्या. एमएला साधारणपणे ५५ टक्के हवेत. मुदत किमान ३, कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी २ आणि महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत. ऑनलाइन पीएचडीच्या जाहिरातींपासून मात्र लांब राहा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला या नियमांत परवानगीच नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. शाळेची मुलं फलक वाचत नाहीत, पण दालनातले रखवालदार वस्तूंच्या गोष्टी सांगू लागले की घोळका करून ऐकतात, असं तुम्ही लिहिलंय. हा तुमचा विषय आहे! या गोष्टी त्यांच्यापर्यंत कुठून आल्या? त्यातलं किती संग्रहालयाच्या नोंदवहीत आहे, आणि जे नाही ते का नाही? बाहेरून आलेल्या संशोधकाला हे दिसायलाही बराच काळ जाईल.

पण इथेच एक अवघड जागा आहे. रखवालदार तुमच्यापेक्षा कनिष्ठ पदावर आहेत. ‘मुलाखत द्याल का?’ असं तुम्ही विचारलंत, तर त्यांना नाही म्हणता येईल का? संमती लेखी घ्या, कधीही माघार घ्यायची मुभा द्या, आणि नाव छापायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. संग्रहालयाची कागदपत्रं वापरायची परवानगीही वेगळी मागा. ना हरकत प्रमाणपत्रात ती आपोआप येत नाही.

सार्वजनिक मानव्यविद्येचा, म्हणजे इतिहास-साहित्यासारखे विषय विद्यापीठाबाहेरच्या लोकांसोबत अभ्यासण्याचा, वेगळा विभाग शोधण्यात वर्ष घालवू नका. इतिहास किंवा संग्रहालयशास्त्र, जिथे मौखिक इतिहासावर, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकून नोंदवलेल्या इतिहासावर, काम केलेले मार्गदर्शक असतील तिथे जा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा जुना विभाग आहे. अर्ज करण्याआधी मार्गदर्शकांना एका पानाचं टिपण पाठवा, आणि सुरुवात त्या रखवालदारांपासूनच करा.