तापला की सटकणारा ट्यूनर

ऐरोलीहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडिलांचा 1970 च्या दशकातला ट्यूनर (एफएम पकडणारा रेडिओचा डबा). सुरू केल्यावर 100.7 वर एफएम गोल्ड स्वच्छ लागतं, 20 मिनिटांनी 'स' आणि 'श' फाटायला लागतात, आणि काटा केसभर 108 च्या बाजूला नेला की पुन्हा ठीक. दोन मेकॅनिक म्हणाले, आयसी (आतली चिप) गेला.

आयसीला हात लावू नका. अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. काटा वर न्यावा लागतो, म्हणजे आतला ऑसिलेटर (स्टेशन पकडायला लागणारी लहर तयार करणारा भाग) तापून खाली घसरतोय. 100.7 ऐकताना तो 10.7 मेगाहर्ट्झ वर, म्हणजे 111.4 वर चालतो. त्याच्या कॉइलला जोडलेल्या कपॅसिटरांची कपॅसिटी 0.1 टक्का वाढली तरी तो 55 किलोहर्ट्झच्या आसपास खाली येतो. आवाज फाटायला तेवढं पुरतं.

आधी मोजा. एएफसी, म्हणजे घसरलेलं स्टेशन आपोआप धरून ठेवणारी सोय, बंद करा (वेगळं बटण नसेल तर म्यूटिंगचं, म्हणजे स्टेशनांमधली खरखर दाबणारं, पाहा, काही सेटमध्ये दोन्ही एकत्र असतात), नाहीतर तो दोष झाकत राहतो. झाकण लावलेलंच असू द्या, उघड्या सेटचं तापमान वेगळं. ट्यूनर 91.1 वर लावा आणि शेजारी डिजिटल आकड्यांचा छोटा रेडिओ 10.7 ने वर, 101.8 वर ठेवा. तुमच्या ऑसिलेटरने त्याची खरखर एकदम दबते. ती दबलेली जागा दर पाच मिनिटांनी शोधून लिहा. हळूहळू घसरून अर्ध्या तासात स्थिरावली तर कारण उष्णता. उड्या मारत असेल तर गँगच्या (काट्याबरोबर फिरणाऱ्या कपॅसिटरच्या) दांड्याला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या हमखास काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश, बास.

आता झाकण काढा आणि फ्रंट एंडला (ऑसिलेटर असलेल्या पहिल्या भागाला) जाणारा सप्लाय थंड असताना आणि तापल्यावर मोजा. 12 व्होल्टचा 11.7 होत असेल तर पुढचं सगळं थांबवून आधी झेनर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड) आणि त्याचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा.

सप्लाय ठीक निघाला तर पुढे चला. इअरबड आयसोप्रोपिलमध्ये बुडवून चांगला पिळा (मेन्सच्या बाजूला जायचं नाही, ते पेटतं) आणि ऑसिलेटरच्या एकेका सिरॅमिक कपॅसिटरला दोन सेकंद टेकवा, म्हणजे तो गार होईल. बाकीच्यांना सेंटर मीटर (स्टेशन बरोबर लागलं की ज्याचा काटा मध्यावर येतो ते) जेमतेम हलेल. ज्याला टेकवल्यावर मीटरचा काटा टुणकन मध्यावर येतो, तो चोर.

आता माझी चूक. नौपाड्यात घरी मी असाच एक चोर पकडला, लॅमिंग्टन रोडवरून तेवढ्याच कपॅसिटीचा 'चांगला' एनपीझिरो (तापला तरी कपॅसिटी न बदलणारा) आणला आणि लावला. तरी घसरण थांबेना! दोन रविवार डोकं खाजवल्यावर जुन्याच्या डोक्यावरचा जांभळा ठिपका दिसला. जांभळा म्हणजे एन750: तापला की त्याची कपॅसिटी अंशामागे दशलक्षात 750 भाग कमी होते. तापून कॉइल जेवढी वाढते, ती भरपाई करायला डिझायनरने तो मुद्दाम घातला होता. काळा ठिपका मात्र एनपीझिरोचा. म्हणून कपॅसिटीइतकाच रंगही जुळवायचा. दुकानदार 'सब एक ही है' म्हणतो, त्याच्याशी वाद घालू नका, दुसरं दुकान गाठा.

हे सगळं जमल्यावर एएफसीकडे या. एएफसी बंद ठेवून स्टेशन बरोबर मध्यावर लावा, मग तो चालू करा. मीटरचा काटा उडी मारून बाजूला गेला तर डिटेक्टर (लहरीतून आवाज काढणारा भाग) कॉइलचा शून्यबिंदू हललाय, आणि एएफसीच तुमचं स्टेशन ओढून नेतोय. प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने त्या कॉइलचा कोअर (आतला फिरणारा गाभा) पाव आट्याहून कमी फिरवा. लोखंडी नको, तो जवळ नेला तरी ट्यूनिंग बदलतं. शेजारचे कोअर मात्र सोडा. मेकॅनिकने ते आधीच फिरवले असतील तर तसं सांगा, मग गोष्ट वेगळी.

पाच-पाच मिनिटांचे आकडे, सप्लायचे दोन आकडे आणि त्या सिरॅमिकच्या ठिपक्याचा रंग कळवा.